चरईतल्या दादांचा म्युझिक प्रोडक्शनचा क्लास, फी भरायच्या आधी हे वाचा

आधीच सांगते, नाव आणि नंबर इथे टाकत नाहीये. क्लास दादांच्या राहत्या फ्लॅटमधल्या आतल्या खोलीत चालतो, सोसायटीच्या कमिटीत दोन गट आहेत आणि त्यातला एक गट "हे कमर्शियल आहे" म्हणून पत्र काढायच्या बेतात बसलाय, त्यात माझ्या रिव्ह्यूची भर नको. ठाण्यात गाण्याबजावण्यातल्या कोणालाही विचारा, नाटकांना पार्श्वसंगीत करणारे आणि शोमध्ये कीबोर्ड वाजवणारे चरईतले दादा कोण, दोन फोनमध्ये पत्ता लागेल.

मी नोकरीला ऐरोलीत, म्हणजे रोजचं नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्म, आणि गुरुवारी भजनी मंडळात पेटी. लॉकडाऊनमध्ये मंडळाचं एक भजन मोबाईलवर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं तर सासूबाई म्हणाल्या, "बाथरूममध्ये बसून म्हटलंय का गं?" तेव्हापासून नीट रेकॉर्डिंग शिकायचं हे खूळ डोक्यात.

आधी एका चकाचक इन्स्टिट्यूटमध्ये गेले होते, नाव घेत नाही, खाडीच्या पलीकडे एवढंच. पंचावन्न हजार, आणि वर १८ टक्के जीएसटी हे काउंटरवर कार्ड काढल्यावर सांगितलं. शिकवणारा मुलगा गोड होता पण तो स्वतः वर्षापूर्वी तिथूनच कोर्स करून बाहेर पडलेला, प्रोजेक्टरवर स्क्रीन लावून हे बटण दाबलं की कट, हे दाबलं की रिव्हर्ब, चला नेक्स्ट. मी विचारलं पेटी रेकॉर्ड करताना माईक कुठे ठेवायचा, तर म्हणाला "मॅम, हार्मोनियमचं प्लगइन येतं ना!" कॉम्प्युटरमधली नकली पेटी कशाला, माझ्या घरात आजोबांची पेटी आहे हो. असो, ते पैसे गेले ते गेले.

दादांकडे १६ सेशन, दर रविवारी सकाळी १० ते साडेबारा, २८ हजार, तीन हप्त्यांत. बॅच फक्त चौघांची कारण खोलीत पाचवी खुर्ची मावत नाही. आमच्यात मी, कळव्याचा एक रॅपर वय १९, दिव्याहून येणारा ढोलकीवाला, आणि एक रिटायर्ड काका ज्यांनी आयुष्यभर अभंगांना चाली लावून वहीत लिहून ठेवल्यात. सगळे त्यांना दादाच म्हणतात, काकासुद्धा, आणि ते काकांना काका.

पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडलाच नाही. आम्ही चौघंही नवीन वह्या घेऊन बसलेलो आणि हे म्हणतात उठा, भिंतीकडे जा. स्पीकरवर एक घुंsss असा खालचा सूर लावला आणि म्हणाले आता खोलीभर फिरा. कोपऱ्यात गेलं की छातीत धडधड, आणि बरोबर पंख्याखाली उभं राहिलं की तो सूर जवळजवळ गायब! मला वाटलं त्यांनी आवाज कमी केला म्हणून, मी दोनदा मागे-पुढे करून बघितलं. मग सांगितलं की खोली दहा बाय दहा, दहा फूट म्हणजे साधारण तीन मीटर, आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, त्यामुळे ५६-५७ हर्ट्झचा सूर दोन भिंतींमध्ये अडकतो, भिंतीपाशी सगळ्यात जोरात आणि मधोमध सगळ्यात कमी, आणि आपल्या खोल्या चौरस असल्यामुळे लांबी-रुंदी दोन्हीकडून तोच सूर डबल फुगतो. "ठाण्यातल्या निम्म्या बेडरूम स्टुडिओत बास चुकतो तो कानामुळे नाही, बिल्डरमुळे." हे ऐकून रॅपरचा चेहरा बघण्यासारखा होता, तो बिचारा दोन वर्षं पंख्याखाली बसून बीट बनवत होता आणि बास कमी वाटतो म्हणून वाढवत होता.

त्याच दिवशी अंड्याच्या ट्रेचा विषय निघाला. काकांनी घरी भिंतीला लावले होते, ऐंशी ट्रे, काकूंची बोलणी खाऊन. दादा शांतपणे म्हणाले "काका, त्याने वरचा थोडा चकचकाट कमी होईल, खालचं काही अडणार नाही आणि शेजाऱ्यांना तर सगळंच ऐकू येईल". कोपऱ्यात जाड रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची लोकर, भरलेली पॅनल लावायला सांगितली आणि बजेट नसेल तर गाताना उघड्या कपाटासमोर उभं राहा, साड्या पाठीशी नकोत, समोर हव्यात. मी घरी तसंच केलं. सासूबाईंचा बाथरूमचा शेरा बंद झाला, आता "कपाटाशी काय बोलतेस" असतं.

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरबद्दल बरेच जण विचारतात म्हणून सांगते. दादा स्वतः लॉजिकवर काम करतात पण ते विंडोजवर चालत नाही, त्यामुळे आमच्यासारख्या विंडोजवाल्यांना रीपर घ्यायला लावतात, ६० दिवस फुकट वापरून बघता येतं आणि घरगुती लायसन्स ६० डॉलरचं. रॅपरकडे एफएल स्टुडिओ होतं, क्रॅक केलेलं. त्याला ओरडले नाहीत, फक्त विचारलं की ते एकदा विकत घेतलं की पुढचे सगळे अपडेट फुकट मिळतात हे माहितीये का, आणि शोच्या मध्यावर क्रॅक प्लगइन बंद पडलं तर मंडळाच्या अध्यक्षांना काय सांगशील. त्याने दिवाळीच्या बोनसमध्ये, म्हणजे वडिलांच्या बोनसमध्ये, घेतलं शेवटी.

आता माझी पेटी. चौथ्या सेशनला मी ती नेली, दोन जिने चढून. पेटीचा ट्रॅक छान रेकॉर्ड झाला, मग त्यावर सिंथचा, म्हणजे कॉम्प्युटरनेच तयार केलेल्या आवाजाचा, एक साधा आधार सूर लावला तर असं काही तरी किरकिरायला लागलं की दात शिवशिवतात ना तसं. मला वाटलं माझंच बोट चुकलं. दादांनी ट्यूनर लावला, तर कॉम्प्युटरचा ए, म्हणजे पांढरी एकला सा धरला तर धैवत, ४४० हर्ट्झवर, आणि आजोबांच्या पेटीचा ४४५ च्या आसपास. वीस सेंट वर. म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधलं जे अंतर असतं त्याचा पाचवा भाग. एकटी वाजली तर कोणाच्या बापाला कळणार नाही, पण सोबत कॉम्प्युटर आला की भांडण. मी विचारलं आता पेटी ट्यून करून आणू का? तर म्हणाले "अगं, पेटीला कशाला हात लावतेस, सॉफ्टवेअरला खुंट्या आहेत", आणि सिंथचं मास्टर ट्यूनिंग उचलून ४४५ ला नेलं. एका सेकंदात किरकिर बंद. मी काळी एक म्हणते आणि तिथे सी शार्प लिहिलेलं असतं एवढी भाषांतराची अडचण सोडली तर हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा दिवस होता. या माणसाने आयुष्यात खऱ्या पेटीवाल्यांबरोबर काम केलंय हे इथे कळलं, कारण पुस्तकवाल्याने मला पेटी बदलायला लावली असती.

सिंथसुद्धा पेटीवरूनच समजावला. पेटीच्या आतली वाजणारी पट्टी, म्हणजे सूर, हा सिंथमधला ऑसिलेटर, खर्ज आणि नर हे सुरांचे दोन संच एकत्र उघडले की दोन ऑसिलेटर, भाता म्हणजे आवाजाची चढउतार, झाकण उघडं-बंद म्हणजे फिल्टर. मला लगेच कळलं, रॅपरला अजिबात कळलं नाही कारण त्याने पेटी आतून कधी पाहिलीच नव्हती, मग त्याच्यासाठी परत वेगळं समजावलं. यात वेळ गेला आणि सिंथचा पुढचा भाग धावत उरकला, ही तक्रार आहे.

ढोलकीवाल्याचा किस्सा तर सांगायलाच हवा. त्याच्या ढोलकीला दोन्ही बाजूंना एकेक माईक लावला. शाईकडचा, म्हणजे बारीक आवाजाच्या बाजूचा, एकटा ऐकला तर टणटणीत, धुमाकडचा, म्हणजे जाड आवाजाच्या बाजूचा, एकटा ऐकला तर गोल भरलेला. दोन्ही एकत्र केले आणि ढोलकीचा झाला पत्र्याचा डबा. आम्ही सगळ्यांनी आपापली अक्कल चालवली, मी म्हटलं माईक जवळ घ्या, रॅपर म्हणाला बास वाढवा, काका म्हणाले ओल लागली असेल, पावसाळा आहे. दादा दहा मिनिटं गप्प बसून आमची गंमत बघत होते. मग एका ट्रॅकवरचं फेजचं छोटं बटण दाबलं आणि धुमा धाडकन परत आला, घिस्सा तर असा की ढोलकीवाला खुर्चीतून उठला. कारण नंतर सांगितलं. थाप पडली की एका बाजूचं कातडं आत जातं, त्याच वेळी आतली हवा दुसऱ्या बाजूचं कातडं बाहेर ढकलते, म्हणजे एका माईकला आवाज वर जाताना दिसतो तेव्हा दुसऱ्याला खाली, आणि दोन्हींची बेरीज केली की खालचा आवाज एकमेकांत जिरतो. बटण एकाला उलटं करतं. बस. हे मी आधी व्हिडिओत तीनदा पाहिलं होतं, पण कानाने ऐकल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

त्याच ट्रॅकवर रॅपरने उत्साहाने क्वांटाइझ केलं, म्हणजे प्रत्येक थाप ग्रिडच्या, सॉफ्टवेअरने समान अंतरावर आखलेल्या मात्रांच्या, रेघेवर नेऊन बसवली. ढोलकीवाल्याने पाच सेकंद ऐकून सांगितलं, "हे मी नाय वाजवलं." दादांनी उलटं करून दाखवलं, ढोलकी तशीच ठेवली आणि ग्रिडच तिच्याप्रमाणे वाकवली, बाकीची वाद्यं त्या ग्रिडवर. झपतालाचं काय करायचं हेही त्याच दिवशी, प्रोजेक्ट उघडताना सॉफ्टवेअर चार मात्रांचं घर मांडून बसलेलं असतं, ते मोडून दहाचं करायचं, नाहीतर सम कुठे आहे तेच दिसत नाही.

बाकी पटापट. हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज उशिरा येतो ते बफरमुळे, म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचा तुकडा साठवून मग पुढे देतो त्यामुळे, तो १०२४ ठेवला तर २३ मिलिसेकंद म्हणजे आठ मीटर लांब बसलेल्या तबलजीबरोबर गाण्यासारखं, १२८ केला तर तीन मिलिसेकंद, एक मीटर, पेटीपासून कानाएवढं. ऑटोट्यून, म्हणजे सूर आपोआप दुरुस्त करणारं प्लगइन, कडक लावला की मींडेची घसरगुंडी जाऊन जिना होतो, ते आमच्या मंडळातल्या एका काकूंच्या आवाजावर करून दाखवलं, सगळे हसलो, काकूंना सांगितलेलं नाही. रॅपरने गाणं मोठं वाजावं म्हणून लिमिटर, म्हणजे आवाजाची वरची टोकं दाबणारं प्लगइन, ठेचून भरला होता, त्याला दाखवलं की स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसवर (गाणं किती मोठं वाजतं त्याचं माप) आणून ठेवतं, म्हणजे तुझं गाणं ते खाली ओढणार आणि दबलेलं मात्र दबलेलंच राहणार.

एका रविवारी फक्त हक्क आणि पैसे. मला वाटलं होतं कंटाळा येईल पण काका त्या दिवशी सगळ्यात जास्त लिहून घेत होते. अभंग तुकोबांचा, त्यावर आता कोणाचा कॉपीराइट नाही कारण आपल्याकडे लेखक गेल्यानंतर ६० वर्षांनी तो संपतो, पण चाल काकांची आहे ती काकांचीच, आणि रेकॉर्डिंगचा हक्क तिसराच, तो साधारणपणे ज्याने पैसे घालून करून घेतलं त्याचा. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर संगीतकार-गीतकारांचा रॉयल्टीचा वाटा काय, ती रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस संस्थेचं सभासद कशाला व्हायचं, प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक म्हणजे आयएसआरसी नंबर काय असतो, आणि स्टुडिओतून निघायच्या आधी कोणाचा किती टक्के हे कागदावर लिहून सह्या घ्यायच्या, भाऊ असला तरी. "भाऊ असला तर आधी घ्या," असं म्हणाले, त्यामागे काहीतरी स्वतःचं असणार, आम्ही विचारलं नाही.

आता भांडणाचा भाग. १६ सेशन म्हणजे चार महिने ना? जूनमध्ये सुरू केलं आणि संपलं डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी. सात महिने! गणपतीत पूर्ण गायब, नवरात्रात गायब, दिवाळी पहाटच्या तालमी, मग पुन्हा नाटकाचे दौरे. आणि मेसेज कधी यावा तर शनिवारी रात्री ११.४०, "उद्या नाही जमणार, सॉरी सगळ्यांना" आणि हात जोडलेला इमोजी. ढोलकीवाला एकदा दिव्याहून निघून ठाणे स्टेशनवर उतरल्यावर त्याने मेसेज पाहिला. मीसुद्धा रविवारचा स्वयंपाक उरकून, घरच्यांची तोंडं बघून निघते, माझ्या वेळेला किंमत आहे की नाही? सप्टेंबरात मी स्पष्ट बोलले, चिडूनच बोलले. दादांनी कारणं दिली नाहीत. म्हणाले "बरोबर आहे तुझं, उरलेले पैसे परत हवे असतील तर आज देतो". नको म्हटलं. मग त्यांनी दोन गोष्टी केल्या, मंगळवारी रात्री साडेनऊला भरपाईची सेशन ठेवली, जी मला ऐरोलीहून आल्यावर जीवावर यायची, आणि एका शनिवारी घाणेकर नाट्यगृहात प्रयोगाच्या आधी साउंड चेकला घेऊन गेले.

त्या शनिवारसाठी मी सगळं माफ केलं असतं. रिकाम्या थिएटरमध्ये त्यांनी दुसऱ्या अंकातला चाळीस सेकंदांचा तुकडा लावला, टाळीसारखा कडक ऐकू येत होता, मला तर फारच टोचला. म्हणाले राहू दे. प्रयोग सुरू झाला, माणसं भरली, तोच तुकडा आला तेव्हा मऊ झालेला, कारण वरचा कडकपणा लोकांचे कपडे आणि अंगं शोषून घेतात. ही गोष्ट दहा बाय दहाच्या खोलीत कळायची नाही. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये त्या चाळीस सेकंदांच्या सातही आवृत्त्या उघडून दाखवल्या, नाकारलेल्या सहा धरून. तिसरीवर दिग्दर्शक म्हणाले होते "थोडं अजून मराठमोळं कर", तर यांनी तुतारी टाकली, चौथीत "तुतारी काढ, पण मराठमोळं राहू दे". पाचवी मला सगळ्यात आवडली होती, ती का गेली विचारलं तर म्हणाले "चांगली होती म्हणून गेली, नटाच्या वाक्यावर चढत होती". आणि खरंच, वाक्यासकट ऐकल्यावर कळलं.

म्हणून मला हे दोन्ही वेगळं काढता येत नाही. शनिवारी प्रयोग होता म्हणूनच रविवारी दाखवायला काहीतरी गरम गरम होतं, आणि शनिवारी प्रयोग होता म्हणूनच कित्येक रविवार गेले. वाजवणाऱ्या माणसाने शिकवणं यात नवीन काही नाही, रेहमानने चेन्नईत २००८ ला केएम म्युझिक कन्झर्व्हेटरी काढली, तिथे मात्र मोठी इमारत, वेळापत्रक, बाकीचे शिक्षक. इथे वेळापत्रक म्हणजे दादांची डायरी. मेसेज मात्र शनिवारी दुपारपर्यंत यायलाच हवा, यात मी कोणाचं ऐकणार नाही.

अजून काही गोष्टी जाताना माहीत असाव्यात. सर्टिफिकेट मिळत नाही, नोकरीसाठी कागद हवा असेल तर इथे येऊ नका. नोट्स म्हणजे त्यांच्या अक्षरातल्या पानांचे व्हॉट्सअॅपवर फोटो, अर्धे तिरके. कॉम्प्युटर एकच, त्यामुळे मिक्सिंग करायला हातात माउस मिळतो तो वीस मिनिटं. मास्टरिंग, म्हणजे मिक्स झालेल्या गाण्यावरचा शेवटचा हात, एकाच सेशनमध्ये गुंडाळलं, तेही डिसेंबरात सगळ्यांना घाई झाल्यावर. रेकॉर्डिंग चालू असताना एसी बंद, पंखा बंद, ऑक्टोबरमध्ये आम्ही चौघं अक्षरशः शिजलो. जुलैत खिडकीवरच्या पत्र्यावर पाऊस, तेव्हा माईक उघडायचाच नाही. आणि शेजारच्या वहिनींचा कुकर! माझ्या सगळ्यात चांगल्या टेकमध्ये दुसऱ्या अंतऱ्यावर शिट्टी. दादांनी ती स्पेक्ट्रममध्ये शोधली, पिवळ्या ढगात एक सरळ चमकणारी रेघ, अगदी कुठे सुरू होते कुठे संपते ते दिसत होतं, आणि खोडरबरने पुसावी तशी पुसली. पण ऐका म्हणाले, शिट्टीबरोबर तिच्याखालचा सूरही थोडा गेलाय. गेला होता. तेव्हापासून टेक साडेअकरानंतर, वहिनींचा वरणभाताचा कुकर उतरल्यावर.

शेवटी काय मिळालं तर आमच्या मंडळाची तीन भजनं मी घरी रेकॉर्ड केली, कपाटासमोर, दोन माईकवर, पेटी ४४५ लाच. काकांचे दोन अभंग झाले. रॅपरच्या गाण्यात आमच्या ढोलकीवाल्याची ढोलकी आहे आणि टक्केवारीच्या कागदावर दोघांच्या सह्या, साक्षीदार मी.

५ पैकी ४. एक कापला तो शनिवार रात्री ११.४० साठी.

पुढची बॅच गुढीपाडव्यानंतर म्हणतायत. फोन दुपारी बारानंतर करा, आधी उचलत नाहीत. गाडी नेऊ नका, चरईत लावायला जागा मिळाली तर लॉटरीचं तिकीट काढा, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं आहे, मध्ये मामलेदारची मिसळ खाऊन गेलात तर झणका मात्र जपून, बंद खोलीत अडीच तास बसायचंय. आणि पेटी नेणार असाल तर दुसरा मजला आहे, लिफ्ट नाही.